सराव मुलांच्या हाती देताना: एका हंगामाच्या नोंदी

४ जानेवारी

गट १२ ते १६ वयाच्या मुलामुलींचा. काही मध्यम पल्ल्याचे धावपटू, काही लांब उडीवाले, भालाफेकीच्या दोघी, आणि अजून सगळंच करून पाहणारी लहान मुलं. नावं लिहीत नाही, इव्हेंटवरून उल्लेख करते. दुसरा कोणी प्रशिक्षक हेच करू पाहत असेल तर त्याचे आठवडे वाचावेत म्हणून या नोंदी ठेवते आहे.

हे हाती का घेतलं? मागच्या हंगामात एकच गोष्ट सतत दिसत राहिली. ही मुलं सांगितलेलं सगळं जीव तोडून करतात आणि न सांगितलेलं काहीही करत नाहीत. वॉर्म-अप संपला की उभी राहतात. इंटरव्हल (मधे विश्रांती घेत केलेली ठरावीक अंतराची वेगवान धाव) संपला की माझ्याकडे बघतात. स्पर्धेत ते बघणं महागात पडतं. लांब उडीत एका प्रयत्नाला साधारण १ मिनिट मिळतं, आणि प्रशिक्षक स्पर्धेच्या जागेबाहेर असतो. वारा बदलला तर रन-अपची खूण, म्हणजे धाव जिथून सुरू करायची ती जागा, हलवायची की नाही, हे त्या मिनिटात खेळाडूलाच ठरवावं लागतं. सरावात ज्याने कधी काही ठरवलेलंच नाही, तो तिथे काय ठरवणार?

ठरवलंय ते असं: एकेक निर्णय त्यांच्याकडे द्यायचा, तो अंगवळणी पडला की पुढचा. आधी बॅग, मग वॉर्म-अप, वही, धावण्याचा वेग, रन-अपची खूण, आणि शेवटी आठवड्याचा आराखडा. भालाफेकीची सुरक्षितता आणि सरावाचा एकूण भार किती, हे माझ्याकडेच राहणार. भालाफेकीच्या जागी मोठं माणूस उभं असल्याशिवाय एकही फेक नाही. यात तडजोड नाही.

९ जानेवारी

पालकांची बैठक घेतली. हे सगळ्यात आधी करा, नंतर नाही. मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली: आजपासून मुलाची बॅग मूल भरेल. एका वडिलांनी सरळ विचारलं, "मॅडम, सगळं मुलंच ठरवणार, तर तुम्ही काय करणार?" प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, "मुलं ठरवतील आणि मी बघेन. आत्ता मी बोलण्यात इतकी गुंतलेली असते की बघायचं राहूनच जातं."

परवा एका मुलीचे स्पाईक्स (तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट) घरी राहिले. आईचा फोन आला, आणून देऊ का? नको म्हणाले. साध्या बुटांत तिला स्टार्टिंग ब्लॉकवरून (शर्यत सुरू करताना पाय टेकवायचा आधार) सुटायचा सराव जमण्यासारखा नव्हता, म्हणून तिने बाहेरच्या लेनमध्ये स्ट्राईड्स (हळूहळू वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा) केल्या. तिचं काही बिघडलं नाही. १२ वर्षांच्या मुलांसाठी मात्र यादी लागतेच. ती बॅगेच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असायची. मी छापून दिलेली यादी कोणी वाचली नाही.

१७ जानेवारी

वॉर्म-अप त्यांच्याकडे दिला. सगळ्यात मोठ्या मुलाला म्होरक्या केलं आणि मी बाजूला झाले. दोन-तीन दिवसांत माझ्या जागी तो उभा राहिलेला दिसला. कमरेवर हात, तोंडात शिट्टी, "ए, गुडघे वर!" बाकीचे आधी माझ्याकडे बघायचे, आता त्याच्याकडे बघू लागले. निर्णय घेणारा बदलला, घेणाऱ्यांची संख्या एकच राहिली. शिवाय त्याचा स्वतःचा वॉर्म-अप होत नव्हता ते वेगळंच.

दुरुस्ती अशी. शिट्टी काढून घेतली. म्होरक्या रोज बदलतो, १२ वर्षांच्या मुलांचीही पाळी येते. वॉर्म-अपचे टप्पे ठरलेले आहेत: हलकं धावून अंग तापवणं, सांधे मोकळे करणं, ड्रिल्स (तंत्राचे छोटे व्यायाम), मग वेग वाढवत नेलेल्या स्ट्राईड्स. म्होरक्याने दोनच गोष्टी ठरवायच्या: आज कोणती ड्रिल्स, आणि अंग तापलं की नाही. दुसरी गोष्ट तो सगळ्यांना विचारून ठरवतो. ज्याला अजून एक फेरी हवी असेल त्याने हात वर करायचा.

पहिले काही दिवस कोणीच हात वर केला नाही. मग एका थंड सकाळी भालाफेकीच्या मुलीने केला, "खांदा अजून उघडला नाही." ती एकटी बाजूला जाऊन रबर बँड घेऊन पाच मिनिटं करत राहिली. बाकीचे थांबले नाहीत आणि कोणी तिला हसलंही नाही. त्या दिवसानंतर हात वर जाऊ लागले.

वेळेचा हिशेब: आधी २० मिनिटांत होणारा वॉर्म-अप आता ३० ते ३५ मिनिटं घेतो. हे धरूनच चला. तेवढा वेळ मुख्य सरावातून कापावा लागतो आणि सुरुवातीला ते जिवावर येतं.

३ फेब्रुवारी

वह्या. इथे जवळपास महिना गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रत्येकाला वही दिली होती आणि रोज घरी भरायला सांगितलं होतं: काय केलं, किती केलं, किती वेळात, झोप किती, थकवा किती. आज सगळ्या वह्या एकत्र बसून चाळल्या. एका मुलाच्या वहीत आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, एका बैठकीत उरकलेल्या. सातही दिवस थकवा ७. एका वहीत अक्षर मोठ्या माणसाचं होतं. ८०० मीटरवाल्या मुलीची वही अगदी नीटनेटकी, तक्ते आखलेले, रंगीत पेनं. आणि तिच्यात एकही ओळ अशी नव्हती की जिच्यामुळे दुसऱ्या दिवशीचा सराव बदलावा.

मुलं पाट्या टाकत होती, पण त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेचा गृहपाठ आणि ही वही यात त्यांना फरक दिसत नव्हता, कारण फरक नव्हताच. भरून द्यायची, मॅडम टिक करणार, संपलं.

१२ फेब्रुवारी

बदललेली वही. घरी नेण्याची नाही, मैदानावरच राहते. चार ओळींच्या पुढे जायचं नाही.

आज काय करायचं ठरवून आलो.
काय वेगळं झालं.
पुढच्या वेळी काय बदलणार.
आणि आजचा सराव किती कडक वाटला, ० ते १० मध्ये एक आकडा.

दुसरी ओळ सगळ्यात कामाची निघाली. "आज काय झालं?" असं विचारलं की मुलं "छान झालं" लिहितात. "वेगळं काय झालं?" म्हटलं की ठरवलेलं आणि झालेलं अशा दोन्ही गोष्टी मनात आणाव्याच लागतात.

आकड्यातही एक गोची होती. शेवटचा इंटरव्हल संपताच विचारलं की सगळे धापा टाकत ९ सांगायचे. आकडा शेवटच्या मिनिटाचा येत होता, सगळ्या सरावाचा नाही. अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांच्या पद्धतीत हा आकडा सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने विचारतात आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणतात. ६० मिनिटांचा सराव आणि आकडा ५, तर भार ३००. आता कूल-डाउन (सरावाअंती अंग शांत करणारी हलकी हालचाल), स्ट्रेचिंग, बॅग भरणं हे सगळं उरकल्यावर वही हातात घ्यायची. गुणाकार मुलंच करतात आणि आठवड्याची बेरीजही तीच करतात. बेरीज अचानक फुगलेली दिसली की ती स्वतःच विचारतात, हे का वाढलं?

पण वही जिवंत झाली ती दुसऱ्याच एका कारणाने. मी ठरवलं की रोज निदान एका वहीतली एक ओळ उचलायची आणि तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलायचं, सगळ्यांसमोर, सांगून. "काल हिने लिहिलंय की हर्डलच्या आधी पोटऱ्या भरून आलेल्या असतात, म्हणून आज हर्डल आधी, टेकडी नंतर." लिहिल्याने काहीतरी हलतं हे दिसल्यावर ती खरं लिहू लागली. वाचायला आणि वापरायला वेळ नसेल तर वही सुरूच करू नका.

२१ फेब्रुवारी

आकड्यांमधून निघालेली पहिली मोठी गोष्ट. हलक्या दिवसासाठी माझ्या डोक्यात ३ असतो, मुलांनी लिहिलेले ५ आणि ६. कडक दिवसाला मी ८ धरते, त्यांनी लिहिले ६. प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यात हाच फरक फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नोंदवला आहे: हलका दिवस ठरवल्यापेक्षा कडक होतो, कडक दिवस ठरवल्यापेक्षा हलका.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. हलक्या धावण्यात पोरं गप्पा मारत निघतात, दुसऱ्या फेरीला दोघे खांद्याला खांदा लावतात, आणि तिसऱ्या फेरीला शर्यत लागलेली असते. मग दुसऱ्या दिवशी कडक सरावाला पायात काही उरत नाही.

"हळू धावा" असं ओरडून फरक पडला नाही. फरक पडला तो दोन गोष्टींनी. हलक्या दिवशी सगळ्यात सावकाश धावणारी मुलगी पुढे, तिला कोणी ओलांडायचं नाही. आणि धावताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. बोलता येत नाही असं ज्याला वाटेल त्याने ते मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांनी वेग उतरवायचा. ती मुलगी नेहमी शेवटी असायची. तिला आता वेग ठरवावा लागतो, आणि ते ती फार गंभीरपणे करते.

२८ फेब्रुवारी

वेग ओळखणं. घड्याळ माझ्या हातात असेपर्यंत वेगाची जबाबदारीही माझ्याच हातात राहते.

काम असं दिलं: ४०० मीटर १०० सेकंदांत, हातात घड्याळ नाही, रेषा ओलांडल्यावर आधी स्वतःचा अंदाज मोठ्याने सांगायचा, मगच जोडीदार वेळ सांगेल. ८०० मीटरवालीचा अंदाज १००, वेळ १००. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोडीदाराने २०० मीटरचीही वेळ घेतली होती: पहिले २०० मीटर ४६ सेकंदांत, पुढचे ५४ मध्ये. म्हणजे आधी सुसाट, मग ओढत आणलेलं, आणि बेरीज जुळली. ती स्वतःच म्हणाली, "मग मला वेग कळला नाही, शेवट कळला."

मधे एक चुकीचं वळण घेऊन झालं. दर १०० मीटरला शंकू ठेवले आणि मी दर २५ सेकंदांनी शिट्टी वाजवू लागले. मुलं शिट्टीच्या आत शंकू गाठायला शेवटचे दहा मीटर पळत सुटायची, किंवा लवकर पोचली तर पाय घोटाळायची. वेग समान होण्याऐवजी आणखी तुटक झाला. शिट्टी बंद. आता प्रत्येक शंकूपाशी धावणाऱ्याने फक्त "लवकर", "बरोबर" किंवा "उशीर" एवढं ओरडायचं, जोडीदाराने खरी वेळ लिहून ठेवायची, आणि दोन्ही शेवटी ताडून बघायचं. यात अंदाज झपाट्याने सुधारतो. बोलताना दम लागत असेल तर तोही एक निकालच आहे.

विश्रांतीही त्यांच्याकडे दिली. ६ वेळा २०० मीटर, प्रत्येकी ३६ सेकंद, कारण ८०० मीटर २ मिनिटं २४ सेकंदांत हवं असेल तर वेग तोच लागतो. मधली विश्रांती दीड ते अडीच मिनिटं, नेमकी किती ते ज्याचं त्याने ठरवायचं. १४ वर्षांच्या एकाने प्रत्येक वेळी दीडच मिनिट घेतली आणि घेतल्याचं सगळ्यांना सांगितलंही. चौथ्याला ३८, सहाव्याला ४१. मी काही बोलले नाही. वहीत त्याने लिहिलं: "विश्रांतीत जिंकलो, धावण्यात हरलो." पुढच्या वेळी त्याने आधी दोन मिनिटं घेतली, शेवटी अडीच, आणि सहाही ३६ च्या आसपास आले.

८ मार्च

लांब उडी. आजचं सगळं सत्र एका खुणेवर गेलं.

लांब उडीवाला मुलगा आजवर प्रत्येक उडीनंतर मान वळवून विचारायचा, "मॅडम, किती?" आणि मी सांगायचे, अर्धं पाऊल मागे, एक पाऊल पुढे. आज ठरलं होतं की खूण तोच हलवणार. टेक-ऑफ बोर्डाशी (उडी घेण्याच्या फळीशी) दुसरा मुलगा बसला. पाय कुठे पडला एवढंच तो सांगणार.

वारा समोरून होता. समोरच्या वाऱ्यात पावलं थोडी आखूड पडतात, धावेअंती पाय बोर्डापर्यंत पोचत नाही, म्हणून सुरुवातीची खूण बोर्डाच्या दिशेने सरकवावी लागते. पाठीमागून वारा असेल तर उलट. हे त्याने माझ्या तोंडून कितीदा ऐकलंय. पहिल्या उडीला पाय बोर्डाच्या चांगलाच अलीकडे पडला. त्याने खूण मागे नेली. मागच्या आठवड्यात पाय बोर्डाच्या पुढे पडून त्याचे फाऊल होत होते, आणि तेव्हाचा उपाय त्याच्या अंगात बसला होता. दुसऱ्या उडीला पाय आणखी अलीकडे. बोर्ड २० सेंटिमीटर रुंद आहे आणि हा त्याच्या अलीकडे दोन पावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाऱ्याकडे पाहिलं, एवढंच.

तो टेप हातात घेऊन रनवेवर उकिडवा बसून राहिला. मग उठला, गवत तोडून हवेत सोडलं, ते त्याच्याच अंगावर आलं. तरी लगेच पटलं नाही. त्याने जुन्याच खुणेवरून एकदा नुसता रन-अप घेतला, उडी न मारता. मग खूण दीड पाऊल पुढे आणली. पाय बोर्डावर. मी पाच सेकंदांत सांगितलं असतं ते त्याला शोधायला पाऊण तास लागला, आणि त्या दिवशी उड्या निम्म्याच झाल्या. वहीत त्याने दोन बाण काढलेत, एक वाऱ्याचा, एक खुणेचा.

उडीनंतर आधी तो बोलतो, मग मी. सुरुवातीला "काय जाणवलं?" ला उत्तर येई "चांगली होती" किंवा "माहीत नाही". प्रश्न फार मोठा पडत होता. आता एवढंच विचारते: शेवटच्या तीन पावलांत वेग वाढत होता की कमी होत होता? पाय बोर्डावर सपाट पडला की टाचेवर? याचं उत्तर तो देऊ शकतो. त्याला हवं तेव्हाच तो माझं मत मागतो, आणि मागतो ते बहुतेक चांगल्या उडीनंतर. वाईट उडीचं ऐकायचं टाळतोय असं मला वाटलं होतं. पण हालचाली कशा शिकल्या जातात यावर काम करणाऱ्या चिव्हियाकोव्स्की आणि वुल्फ या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासातही शिकणाऱ्यांनी अभिप्राय मुख्यतः जमलेल्या प्रयत्नांनंतरच मागितला होता. जे जमलं ते खरंच तसंच होतं का, याची खात्री त्यांना हवी असते. त्यामुळे आता त्यात ढवळाढवळ करत नाही.

१६ मार्च

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची. या वाटेने जाणाऱ्याने बाकी काही नाही वाचलं तरी ही वाचावी.

१४ वर्षांचा एक मुलगा, गेल्या काही महिन्यांत भराभर उंच झालेला. वही चोख: "ठरवलेलं सगळं पूर्ण केलं." आज तो स्टँडच्या पायऱ्या उतरताना मी मागे होते. डावा पाय आधी खाली ठेवत होता, प्रत्येक पायरीवर डावाच. डावा गुडघा वाकवायचा टाळत होता. खाली बसवून विचारलं. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तिथे दुखतंय, दोन आठवडे झाले.

"सांगितलं का नाहीस?"

"सराव आपली जबाबदारी आहे म्हणालात ना. म्हणून पूर्ण केला."

तो हे तक्रार म्हणून म्हणाला नाही, अभिमानाने म्हणाला. त्याच्यापुरतं त्याने सगळं बरोबर केलं होतं. आपण इतके दिवस कौतुक कशाचं केलं? पूर्ण करणाऱ्याचं. थांबणाऱ्याचं एकदाही नाही.

डॉक्टरांनी ऑसगुड-श्लाटर सांगितलं. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथली वाढीची जागा सततच्या ताणाने दुखावते. उड्या आणि वेगाने धावणं यांनी ते वाढतं. हे बहुतेक वेळा वाढ पुरी होताना आपोआप बरं होतं, पण तोवर भार कमी करावाच लागतो. त्याच्या उड्या बंद, धावणं डॉक्टर सांगतील तेवढंच.

आजपासून बदललेले नियम. दुखणं हा खेळाडूने एकट्याने घ्यायचा निर्णय नाही. त्याची जबाबदारी सांगण्याची, पुढचं मी आणि पालक बघू, लागलं तर डॉक्टर. वहीत पाचवी ओळ: "कुठे दुखतंय? कालपेक्षा जास्त की कमी?" काही नसेल तर "नाही" लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. दुखण्यामुळे चाल किंवा धाव बदलली तर त्या क्षणी थांबायचं, मग इंटरव्हल अर्धा का राहिला असेना. जो थांबून सांगेल त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्यायचं, विक्रम केल्यावर घेतो तसं.

शिवाय दर महिन्याला सगळ्यांची उंची मोजायची. उंची सगळ्यात वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये १४ च्या. पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून वयावर न जाता टेपवर जायचं. आकडा उसळला की त्या मुलाच्या उड्या मी कमी करणार. तो निर्णय माझा.

२३ मार्च

परीक्षा तोंडावर. सराव किती ठेवायचा हे मुलांनाच विचारलं. वहीत झोपेचे तास वेगळे लिहायला सांगितले होते. १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तासांची शिफारस आहे. बऱ्याच वह्यांत साडेसहा, सात. एकीने दोन कॉलम शेजारी ठेवून दाखवलं की झोप सातच्या खाली गेली की तिचा सरावाचा आकडा तोच सराव असूनही वर जातो. तिच्या वहीवरून सगळ्यांनी मिळून ठरवलं: परीक्षेपर्यंत तीनच दिवस, त्यातला एकच कडक. मला चार हवे होते. तीन ठेवले.

४ एप्रिल

आठवड्याचा आराखडा. कोरा कागद दिला आणि पुढच्या पाच दिवसांचा सराव लिहायला सांगितला. हे जमलं नाही. धावपटूंनी पाचही दिवस कडक ठेवले. लांब उडीवाल्याने रोज उड्या. ज्याला जे आवडतं त्याने तेच, आणि जे नावडतं ते कोणाच्याच कागदावर नाही. १२ वर्षांची दोघं कागदाकडे बघत बसली, त्यातल्या एकाला रडू यायच्या बेतात होतं. पाच दिवसांची मोकळीक त्या वयाला झेपत नाही.

११ एप्रिल

कागदाऐवजी पत्ते. पुठ्ठ्याचे तुकडे कापून प्रत्येकी पाच: दोन लाल म्हणजे कडक, दोन हिरवे म्हणजे हलके, एक निळा म्हणजे तंत्राचा. कोणत्या दिवशी कोणता ते ज्याने त्याने लावायचं. दोन लाल शेजारी येणार नाहीत. आणि प्रत्येक लाल पत्त्यासाठी "इथेच का?" याचं एक वाक्य.

हे चाललं. भार माझा, मांडणी त्यांची. भालाफेकीच्या एकीने लाल पत्ता शुक्रवारी ठेवला: "गुरुवारी शेवटचा पेपर, त्या रात्री झोप होईल." दुखऱ्या गुडघ्याच्या मुलाला लाल पत्ता दिलेलाच नाही, पण वरच्या अंगाच्या आणि पोटाच्या व्यायामांतून तीन त्याने निवडले आणि क्रम लावला. लहानांना फक्त आजच्या दिवसापुरते दोन पर्याय, त्यातला एक उचलायचा. तेवढं पुरतं.

१६ एप्रिल

मला जावं लागलं. सहायक प्रशिक्षक होते, त्यांना सांगून ठेवलं होतं की सुरक्षिततेखेरीज तोंड घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी वह्या आणि त्यांचा तोंडी अहवाल ताडून पाहिला. वॉर्म-अप पूर्ण. मुख्य सराव बहुतेकांचा पूर्ण, दोघांनी कारण लिहून कमी केला. वेळ कोणी घ्यायची यावरून मोठा वाद झाला आणि त्यात बराच वेळ गेला. कूल-डाउन जवळजवळ कोणीच केला नाही. वहीत ते कोणी लपवलं नाही, एकाने तर लिहिलं, "कूल-डाउन केला नाही, कंटाळा."

कूल-डाउनचा निर्णय मी कधी त्यांच्याकडे दिलाच नव्हता, तो कायम मीच घेत होते, म्हणून माझ्याबरोबर तोही गेला. आजपासून दिवसाचा म्होरक्या वॉर्म-अपसारखाच कूल-डाउनही चालवेल. घड्याळांचा वाद मात्र मी सोडवणार नाही. त्यांनी एक पद्धत ठरवून मला सांगायची.

२५ एप्रिल

स्पर्धा. लांब उडीवाल्याने दुसऱ्या प्रयत्नाआधी खूण पुढे घेतली, तिसऱ्याआधी पुन्हा थोडी मागे. स्टँडकडे एकदाही पाहिलं नाही. तिन्ही उड्या वैध. पदक नाही.

८०० मीटरवालीचं लक्ष्य २ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे ८० चे दोन लॅप. ती २:४३ मध्ये आली: पहिला ७४, दुसरा ८९. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "मॅडम, पहिल्या शंभरालाच कळलं होतं की लवकर आहे. पण सगळ्या पुढे गेल्या, मला मागे राहवलं नाही."

म्हणजे वेग ओळखणं पक्कं झालंय, पण दुसऱ्यांच्या गर्दीत स्वतःच्या अंदाजावर टिकून राहणं अजून व्हायचंय. दोन्ही वेगळी कामं आहेत आणि मी आतापर्यंत पहिलंच करून घेत होते. सरावात प्रत्येक जण आपल्या जोडीदारासोबत धावतो, तिथे मोह नसतोच.

२९ एप्रिल

पुढच्या टप्प्यासाठी तिच्याशी बसून ठरवलेला सराव: ६०० मीटर, सहा जण एकत्र. त्यातल्या दोघांना मी गुपचूप सांगणार की पहिले २०० मीटर मुद्दाम सुसाट जा. कोणते दोघे ते बाकीच्यांना माहीत नाही. तिने स्वतःच्या वेगावर राहायचं आणि शंकूपाशी नेहमीप्रमाणे ओरडायचं. किती मागे पडली याला गुण नाहीत, २०० चे तीन तुकडे एकमेकांपासून दोन सेकंदांच्या आत आले की नाही एवढंच बघायचं. आठवड्यातून एकदाच, लाल पत्त्याच्या दिवशी. दिवस तिने मंगळवार निवडलाय.

गुडघ्याचा मुलगा पुढच्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जाणार आहे. तोवर तुकड्यांच्या वेळा तोच घेणार. घड्याळांच्या वादावर मुलांनी शोधलेला तोडगा हाच: त्या दिवशी जो धावत नाही, घड्याळ त्याच्याकडे.